सकाळी सातचं ‘सगळं बरं हाय’

भाऊजी,

तुमचा सकाळी सातचा मेसेज मी बंद केला. ताईला विचारून केला. तुम्हाला विचारायची सोय राहिली नाही, आणि असती तरी तुम्ही ‘हात लावू नोको’ एवढंच म्हणाला असता. म्हणून आधी बंद केला आणि आता सांगतोय.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीही तो आला होता. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, भंतेजी यायचे होते, ताई भिंतीला टेकून बसली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी, तुमचा फोन वाजला. सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. शेजारच्या एका पोराने फोन उचलून मोठ्याने वाचलं, ‘सगळं बरं हाय.’ तुमच्या आत्याबाईंनी तर हातच जोडले. मला तिथल्या तिथे समजावून सांगावं लागलं, की आत्याबाई, हा भाऊजींचा निरोप नाही, जिनिंगमधल्या सर्व्हरचा आहे. सर्व्हर म्हणजे कोण हे त्यांना कळलं नाही. ताईला सगळं ठाऊक होतं. तरी तिने फोन घेतला, पदराने पुसला आणि परत चार्जिंगला लावला.

त्यानंतर रोज तेच. सात वाजायच्या आधीच ती फळीजवळ जाऊन उभी राहायची. मेसेज आला की चहा ठेवायची. मी नुसता बघत होतो.

आता आपला जुना वाद पुन्हा एकदा मांडू द्या. या वेळी मध्येच बोलायला तुम्ही नाही, त्यामुळे माझी बाजू पहिल्यांदाच पूर्ण मांडून होईल.

दिग्रसच्या त्या कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचं भरलेलं वजन आणि रिकामं वजन त्या एका लिनक्स सर्व्हरवर साठतं. जिनिंगच्या शेठजींना यवतमाळच्या घरी बसून सगळं दिसायला पाहिजे होतं, म्हणून आपण तो इंटरनेटला जोडला. जोडला म्हणजे बाहेरच्याला आत यायला वाट झाली. मग त्यावर पहारा ठेवणारा एखादा प्रोग्रॅम बसवायचा ठरलं. कोण आत आलं, चुकीचा पासवर्ड कोण टाकतंय, कुठली फाइल कोणी बदलली, यावर तो नजर ठेवणार आणि काही वेगळं दिसलं की फोनवर कळवणार. इथपर्यंत आपलं एकमत होतं. असं आपलं फार वेळ टिकत नसे.

मी म्हणालो, पॅकेज टाकू. बनवणाऱ्यांनीच तयार करून, त्यावर स्वतःची डिजिटल सही करून ठेवलेलं असतं. एका कमांडीत बसतं, आणि त्यात काही दोष सापडला की सुधारलेलं आपोआप येतं. तुम्ही म्हणालात, सोर्स. मूळ कोड उतरवायचा, उघडून बघायचा आणि आपल्याच मशीनवर, आपल्या हाताने बांधायचा.

“साळेसाहेब,” तुम्ही म्हणालात, “जो चोवीस तास घरात बसून साऱ्याईवर नजर ठेवनार हाय, थो कोन हाय हे पाह्यलं नोको का? का पाकीट फोडलं अन् देल्ला बसवून?”

“एवढा कोड तुमी वाचनार हाय का, भाऊजी?”

“जेवढा होईन तेवढा.”

“अन् उद्या त्याच्यात भोक सापडलं, त कोन बुजवनार?”

“मी हाय ना बे.”

या एका उत्तरावर तुमचं सगळं चालायचं. गिऱ्हाइकाचा प्रिंटर असो, ताईच्या माहेरचं लग्न असो, माझी बंद पडलेली गाडी असो. आयुष्यात तुम्ही रेडिमेड शर्ट घातला नाही. गांधी चौकातल्या टेलरकडून शिवून घ्यायचे, आतून एक चोरखिसा आणि त्यात छोटा स्क्रूड्रायव्हर. रेडिमेड घालणारा माणूस तुम्हाला जरा कमी अकलेचा वाटायचा, आणि त्यात मीही होतो.

ज्या दिवशी तुम्ही तो प्रोग्रॅम बांधलात तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. जिनिंगच्या त्या लहान खोलीत खिडकीला ओला पडदा लावला होता, तरी रुईचे तंतू आत येतच होते. तुम्ही आधी रंगाऱ्याच्या ब्रशने सर्व्हरच्या पंख्यातला कापूस काढलात आणि मग बसलात. पडद्यावरून ओळी धावत होत्या आणि मध्येच थांबत होत्या, कारण कधी त्याला लागणारी एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा तुकडा, नसायची, कधी दुसरंच काही. काट्यावरचा नरेश दोनदा चहा घेऊन आला. “प्रभाकरभाऊ, किती टाइम अजून?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “शिजून राह्यलं.” मी बाहेर जाऊन कापसाच्या गाड्या बघत बसलो. माझ्या पद्धतीने ते काम चहा निवायच्या आत झालं असतं, हे मी तुम्हाला दर अर्ध्या तासाने आत येऊन सांगत होतो.

बांधून झाल्यावर तुम्ही खरी मजा दाखवलीत. इंग्रजी इशाऱ्यांच्या जागी तुम्ही आपली भाषा बसवली होती. कोणी चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला तर ‘कोनीतरी दार ठोकून राह्यलं, पाह्य’. फाइल बदलली तर ‘इथं कोनी हात लावला बे?’ मी पोट धरून हसलो, आणि मग म्हणालो, की भाऊजी, एवढ्यासाठी सोर्स कायले पाहिजे? पॅकेज टाकलं तरी नियमांच्या फाइलीत हे सगळं बदलता येतं. तुम्ही म्हणालात, “येत नाई.” मी म्हणालो, “येते.” तुम्ही ब्रश उचललात आणि पंखा पुन्हा साफ करायला लागलात. वाद तिथेच राहिला.

सातचा मेसेज नंतरचा. शेठजी म्हणाले होते, सगळं ठीक असेल तर हा प्रोग्रॅम गप्पच राहणार, मग तो चालू आहे हे मला कळणार कसं? तुम्ही सर्व्हरच्या रोजच्या वेळापत्रकात एक ओळ टाकून दिलीत. सकाळी सात वाजले की तीन फोनवर ‘सगळं बरं हाय’. शेठजींच्या, माझ्या आणि तुमच्या. मी तेव्हा विचारलं होतं, की हा मेसेज जायच्या आधी पहारेवाल्याला विचारतो का, बाबा तू जागा आहेस का? तुम्ही म्हणालात, “काहून इचारायचं? बरं नसन त थो सोताच बोंबलन ना.”

मी मान डोलावली. बोलणं पटण्यासारखं होतं.

तुम्ही गेल्यावर बरेच दिवस मी जिनिंगकडे फिरकलो नाही. मेसेज येत होता, म्हणजे काम चालू होतं. शेवटी गेलो तो नुसताच गेलो, काही काम म्हणून नाही. सीझन भरात होता, फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती, रुईने झाडं पांढरी झाली होती. नरेश मला बघून रडला आणि मग म्हणाला, की तुम्ही गेलात त्या दिवसांत लाइट जाऊन सर्व्हर बंद पडला होता, पण लाइट आल्यावर आपला आपण सुरू झाला. मी तुमच्या खुर्चीवर बसलो. सहज म्हणून पहारेवाल्या प्रोग्रॅमची स्थिती विचारली.

बंद होता, भाऊजी. लाइट गेली तेव्हापासून बंद.

कारण सापडायला वेळ लागला नाही. तुम्हीच शिकवलंय, शेवटची एरर वाचू नको, पहिली वाच. तुमचा प्रोग्रॅम एका लहानशा लायब्ररीवर उभा होता. ती लायब्ररी सर्व्हरवर दुसऱ्याच एका कामासोबत आलेली होती, आणि ते काम आपण उन्हाळ्यात काढून टाकलं. पॅकेजांचा कारभार बघणारी जी व्यवस्था असते, ती मधूनमधून झाडलोट करते. तिने बसवलेल्यांपैकी कोणालाच जी वस्तू लागत नाही, ती काढून टाकते. तुमचा प्रोग्रॅम तिने बसवलेला नव्हता. तो तिला दिसतच नव्हता. तिने लायब्ररी काढली. प्रोग्रॅम आधीपासून चालू होता म्हणून तसाच चालत राहिला, आणि लाइट गेल्यावर एकदा जो झोपला तो उठलाच नाही.

आणि वेळापत्रकातली ती एक ओळ मात्र धडधाकट होती. तिला कोणाला विचारायचंच नव्हतं. रोज सातला आम्ही तुमचं ‘सगळं बरं हाय’ वाचत होतो, शेठजी गाड्या घ्यायला सांगत होते, ताई चहा ठेवत होती, आणि पहाऱ्यावर कोणीच नव्हतं.

तुम्ही असता तर आपलं तिथेच जुंपलं असतं. तुम्ही म्हणाला असता, तुझ्या पॅकेजवाल्यानं माझा माणूस मारला. मी म्हणालो असतो, तुमच्या माणसाने आपलं नाव कुठे सांगितलं होतं? तुम्ही म्हणाला असता, झाडलोट आपोआप करायला कोणी लावली? मी म्हणालो असतो, मी लावली, उद्याही लावीन. हे सगळं मी त्या खुर्चीवर बसून एकटाच बोललो. दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं. तुमच्या बाजूने भांडताना तुमच्याइतका चिडू शकलो नाही.

मग मी आणि नरेशने मधल्या सगळ्या दिवसांच्या काट्याच्या पावत्या आणि सर्व्हरवरची वजनं समोरासमोर ठेवून तपासली. जुळली. पण बाहेरून दार ठोकल्याच्या खुणा भरपूर होत्या, आणि कोणी आत येऊन, नुसतं बघून, पाय पुसून गेलं असेल का, हे सांगायला कोणी जागा नव्हतं. ते आता कधीच कळणार नाही. मी सगळे पासवर्ड बदलले, शेठजींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, “प्रभाकर असता त…” आणि चष्मा काढून पुसत बसले. मलाही तिथून लवकर निघावंसं वाटलं.

घरी येताना मला तुमचा भयंकर राग आला. सर्व्हरचा नाही. तुमचा.

त्या शेवटच्या आठवड्यात आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या पायऱ्या चढताना तुम्ही मध्येच थांबत होतात. मी बघितलं होतं. विचारलं, तर म्हणालात, “ॲसिडिटी हाय, सोडा घेतला. बरं हाय.” ताईने विचारलं, तिलाही तेच. पुसदला हार्ड डिस्क आणायला निघालात तेव्हा स्टँडवर सोडायला मी आलो होतो. तुमचा चेहरा उतरलेला होता. “भाऊजी, मी जातो ना, तुमी घरी जा.” तुम्ही खिडकीतून हात हलवलात. “अबे, बरं हाय सगळं. दुकान उघड.” मी येऊन दुकान उघडलं. मग कंडक्टरचा फोन आला, तुमच्याच फोनवरून. पडद्यावर तुमचं नाव होतं, म्हणून मी उचलताना म्हणालो, “काय विसरले भाऊजी?”

तुम्ही दुसऱ्याच्या कोडमधली एकेक ओळ उघडून बघणारे. पाकिटावर भरवसा न ठेवणारे. आतून पाह्यलं पाहिजे म्हणून आम्हाला दिवस दिवस बसवून ठेवणारे. स्वतःच्या छातीला एकदा विचारलं असतंत. काहून नाही विचारलं? मला याचं उत्तर पाहिजे आणि ते द्यायला तुम्ही नाही, याचा मला जेवढा राग येतो तेवढं रडूही येत नाही.

ताईला सांगायचं की नाही, यात माझे काही दिवस गेले. पॅकेज टाकायचं हे नक्की होतं, त्यात वादच उरला नव्हता. पण सातच्या मेसेजचं काय? ती ओळ तशीच ठेवली असती तरी कोणाचं काही अडलं नसतं. एका बाईचा चहा एका ओळीवर ठेवला जातोय, जाऊ दे ना. असं मी स्वतःला समजावत होतो आणि रोज सातला माझाही फोन वाजत होता. शेवटी मलाच ते तीन शब्द वाचवेनात.

ताई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. लायब्ररी वगैरे नाही, एवढंच, की पहारेवाला कधीचा बंद आहे आणि मेसेज तरी येतोय.

तिचे हात थांबले. “म्हंजे थो पाह्यल्याबिगरच सांगे?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

ती मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिली. मग म्हणाली, “तेई तसंच करत. त्या दिवशी सकाळी चा घेताना कपाळावर घाम होता त्याईच्या. म्या इचारलं, काहून इतला घाम येऊन राह्यला? म्हने, बरं हाय. मी आपली पोया लाटत राह्यली.”

मी खाली पडलेली पानं वेचून ताटात टाकली.

“बंद कर थो,” ताई म्हणाली. “रोजचं बरं हाय मले नोको. बरं नसन तवा सांगन, असं होते का तुयाकडून?”

“होते.”

“मंग तसं कर. अन् फोन इथंच राहू दे.”

भाऊजी, तिने जे मागितलं ते पॅकेज टाकल्याबरोबर मिळतं. काही दिसलं तरच बोलायचं, एरवी गप्प. आणि तो चालू आहे की बंद, हे बघायला मी आपल्या दुकानातल्या मशीनला लावलंय. दर थोड्या वेळाने ते तिकडे जाऊन विचारतं, जागा आहेस का. उत्तर नाही आलं तर माझ्याकडे बोंब. ऐकीव ‘बरं हाय’ आता कोणाला जात नाही.

पॅकेज चहा निवायच्या आत बसलं. सही तपासली, कमांड दिली, झालं. नरेश दारात उभा होता, म्हणाला, “बस? झालं?” मी ब्रश घेतला आणि पंख्यातला कापूस काढत बसलो. साफच होता, तरी.

तुमचा सोर्सचा फोल्डर मी पुसलेला नाही. दुकानातल्या डिस्कवर आणून ठेवलाय. मधूनमधून उघडतो. कुठे कुठे तुम्ही थांबून वाचलंय हे कळतं, कारण तिथे तुम्ही ओळी नीट मांडून ठेवल्या आहेत. हा धंदा मी तुमच्या मागे बसून शिकलो. तुम्ही कधी समोर बसवून शिकवलं नाही, नुसतं मागे बसू दिलं. तेव्हा मला तो कंटाळा वाटायचा. पॉलिटेक्निकमधून निघालो तेव्हा मला कमांडी पाठ होत्या. कमांड दिल्यावर आत काय होतं हे बघायची सवय तुमची, आणि ती आता मला लागली आहे. एवढं तुमचं माझ्याकडे राहिलं, आणि ते खूप आहे.

आणि हो, तुमची वाक्यं. नियमांच्या फाइलीत बसली. सगळी. दार ठोकून राह्यलं, हात लावला बे, सगळी. बदलता येतात म्हणून मी म्हणत होतो, तसंच झालं. वाद मी जिंकलो, भाऊजी. तुम्ही समोर असता तर ‘हे सोर्सवाल्याईचं पाहूनच केलं त्याईनं’ असं काहीतरी म्हणून सटकला असता. मी थोडा वेळ पडद्याकडे बघत बसलो आणि मग मशीन बंद केलं.

हे झालं परवा. काल सातला फोन वाजला नाही. मी मुद्दाम ताईकडे गेलो होतो. ती फळीजवळ आली, फोनकडे बघितलं, आणि चहा ठेवला. साखर जास्त पडली होती. दोघांनी तो तसाच प्यायला.

आज अकराच्या सुमाराला मी दुकानात होतो. माझा फोन टेबलावर वाजला, आणि मी तो बघायच्या आत ताई गल्ली ओलांडून दुकानात आली. धावत. हाताला पीठ, पदर खोचलेला, पायात चप्पल नाही, आणि पीठ लागलेल्या त्याच हातात तुमचा फोन.

“संदीप, कोनीतरी दार ठोकून राह्यलं म्हंते. पाह्य. लवकर पाह्य.”

मी पाहिलं. नीट पाहिलं. नरेश होता. काल रात्री मी पासवर्ड पुन्हा बदललेला, तो बिचारा जुनाच टाकत बसला होता. फोन केला तर माझ्यावरच चिडला, “तुमीच त बदलवला भाऊ, मंग मले सांगा त खरं.”

ताई स्टुलावर बसली. तिला धाप लागली होती. मी पाणी दिलं.

“काही नाई ना?”

“काही नाई. नरेश होता.”

“पाह्यलं ना पन तू?”

“पाह्यलं.”

ती पाणी प्यायली, फोनवरचं पीठ पदराने पुसलं आणि घरी गेली. भर उन्हात, तशीच अनवाणी.

भाऊजी, पोळ्या तव्यावर टाकून आली होती ती. तुम्ही त्या सकाळी नुसतं एकदा सांगायचं होतं.